फूल जाळीपलीकडे जाईपर्यंत

लहान मुलाने नवा खेळ हाती घेतला की त्याला प्रोत्साहन द्यावे, याबद्दल कोणाचेच दुमत नसते. मतभेद असतो तो प्रोत्साहन कशाला म्हणावे याविषयी. बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम ते व्हाइटफील्ड या पट्ट्यात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांसमोरही हा प्रश्न सुट्टीच्या सकाळी बॅडमिंटन कोर्टाच्या कडेला उभा राहतो, आणि तेथे त्याचे उत्तर बहुधा टाळ्या वाजवून किंवा सूचना ओरडून दिले जाते.

बॅडमिंटनचेच उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण ज्या खेळाला एके काळी ‘पूना’ या नावानेच ओळखत, तो मराठी माणसाला परका नाही. सात वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम ४ फूट असते आणि जाळी मध्यभागी ५ फूट असते, म्हणजे मोठ्यांच्या हनुवटीच्या आसपास येणारी ही जाळी मुलाच्या डोक्यावरून जाते. सर्व्हिस करताना डाव्या हाताच्या चिमटीतले फूल नुसते सोडायचे आणि ते खाली येत असतानाच रॅकेट फिरवायची असते. नवखे मूल मात्र फूल वर उडवते, रॅकेट आधीच फिरून जाते आणि फूल बुटांपाशी पडते. अशा वेळी कडेवरून ‘अरे, लक्ष कुठे आहे तुझे?’ असा आवाज येतो, जरी त्याचे लक्ष फुलावरच खिळलेले असते. उणीव असते ती हस्त-नेत्र समन्वयाची, म्हणजे डोळ्याने टिपलेल्या हालचालीला हाताने नेमक्या वेळी साथ देण्याच्या क्षमतेची, आणि ती वयानुसार व सरावाने सावकाश येते. म्हणून जाळीऐवजी कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधणे, रॅकेटची मूठ थोडी वर धरायला देणे किंवा फुलाच्या जागी हळूहळू खाली येणारा फुगा वापरणे, हे दहा शाबासक्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

याच शहरातील प्रकाश पदुकोण यांनी मल्लेश्वरममधील कॅनरा युनियनच्या सभागृहात खेळायला सुरुवात केली. तेथे लग्ने लागत, आणि लग्न नसेल तेव्हाच कोर्ट मोकळे मिळे. १९६२ साली, वयाच्या सातव्या वर्षी, राज्य कनिष्ठ स्पर्धेत ते पहिल्याच फेरीत हरले, दोन वर्षांनी त्याच स्पर्धेचे विजेते ठरले, आणि १९८० साली ऑल इंग्लंड विजेते झाले. ही हकिगत पालक मुलांना वारंवार ऐकवतात, परंतु तिचा अर्थ जरा सैल लावला जातो. पहिल्या फेरीत हरलेली बहुतेक मुले विजेती होत नाहीत, आणि व्हावीत अशी अटही नाही. या हकिगतीत लक्षात घ्यावे ते एवढेच, की हरल्यानंतरही त्या मुलाचा खेळ चालू राहिला.

कौतुकाच्या शब्दांचाही विचार करावा लागतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘हुशार आहेस’ असे कौतुक झालेली मुले पुढे अपयश येताच अधिक खचली, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले प्रयत्नाला अधिक चिकटून राहिली. ते प्रयोग कोड्यांवर होते, खेळावर नव्हते, त्यामुळे त्यांचा आधार बेताने घ्यावा. तरीही ‘जन्मजात खेळाडू आहे’ या वाक्यापेक्षा ‘आज फूल वर उडवले नाहीस’ हे वाक्य मुलाला अधिक काही सांगते, हे उघड आहे.

खरी परीक्षा असते ती परतीच्या वाटेवर. टिन फॅक्टरीच्या चौकापासून के. आर. पुरमच्या केबलच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते, आणि मागच्या सीटवरचे मूल पळून जाऊ शकत नसल्याने पालकांना खेळाची चिरफाड करण्याचा मोह होतो. तो आवरला आणि केवळ पाण्याची बाटली पुढे केली, तर पूल ओलांडण्यापूर्वीच मूल बहुधा आपणहून बोलू लागते. दिव्याच्या जाळीत अडकलेले फूल सरांनी झाडूच्या दांड्याने कसे काढले, याविषयी.