काळा कातळ आणि सागराचा तळ

(रत्नागिरी येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रत्नागिरी जिल्ह्यातील माणसाचा दगडाशी संबंध रोजचा आहे. घर बांधावयाचे तर जांभ्याचा चिरा लागतो आणि विहीर खोल नेऊ गेल्यास खाली काळा कातळ लागतो. हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. याच जातीच्या खडकाने जगातील महासागरांचे तळ घडले आहेत आणि समुद्राखाली तो आजही नव्याने घडत आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही.

बेसाल्ट घडतो तरी कसा? पृथ्वीच्या पोटात सर्वत्र तप्त रस उसळत आहे आणि फट मिळताच तो वर येतो, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. ती बरोबर नाही. भूकवचाखालील सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचा थर, म्हणजे प्रावरण, अत्यंत तप्त असूनही बहुतांशी घन आहे. वरच्या खडकांचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. प्रेशर कुकरमधील पाणी दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापते आणि दाब उतरताच जोराने उकळू लागते. प्रावरणातही काहीसे असेच घडते. तेथील खडक सावकाश वर सरकू लागला की त्यावरील दाब कमी होतो. अधिक उष्णता न मिळताही त्याचा थोडा अंश वितळतो. या शिलारसातूनच बेसाल्ट तयार होतो.

ही क्रिया अखंड चालते ती महासागरांतील पर्वतरांगांखाली. सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची ही रांग सर्व महासागरांतून गेली आहे. तिच्या माथ्यावर दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात आणि ती जागा भरून काढण्यासाठी खालचा खडक वर येतो. सुमारे १,२०० अंश सेल्सिअस तापमानाचा शिलारस समुद्राच्या थंड पाण्यात येताच त्याचा पृष्ठभाग क्षणात गोठतो आणि उशांसारखे गोल दगड एकावर एक रचले जातात. त्यांच्याखाली भेगांत गोठलेल्या रसाच्या उभ्या भिंती असतात. त्याखाली, सावकाश निवाल्यामुळे मोठे स्फटिक असलेला गॅब्रो हा खडक असतो. असे हे सागरी कवच साधारणतः ६ ते ७ किलोमीटर जाड असते.

अशी एक पर्वतरांग अरबी समुद्रातही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून १,५०० किलोमीटरांहून अधिक दूर, नैर्ऋत्येस, कार्ल्सबर्ग रांग पसरली आहे. १९२८ ते १९३० या काळात ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या सफरीत तिचा शोध लागला. सफरीस साहाय्य करणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचे नाव तिला मिळाले. तेथे दोन्ही बाजूंचे तळ वर्षाला सुमारे २ ते ३ सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दुरावतात. ही गती नख वाढण्याइतकी संथ असली, तरी १ कोटी वर्षांत तीतून २०० ते ३०० किलोमीटर रुंदीचा नवा तळ निर्माण होतो.

याचा पुरावाही याच रांगेने दिला. बेसाल्ट निवताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा जपून ठेवतात. ही दिशा पृथ्वीच्या इतिहासात अनेकदा उलटली आहे. त्यामुळे रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट व उलट चुंबकत्वाचे पट्टे आढळतात. फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ साली या पट्ट्यांचा अर्थ लावला, तेव्हा त्यांच्यासमोर कार्ल्सबर्ग रांगेवरील मोजणी होती.

मग सह्याद्रीचा कातळ कोणत्या रांगेतून आला? तो अशा रांगेतून आलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड प्रावरणातील एका विशेष तप्त भागावरून सरकत होता. तेथे दाब उतरून फार मोठ्या प्रमाणावर खडक वितळला आणि भूमीवरील भेगांतून लाव्हाचे लोटामागून लोट वाहिले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापला आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना डोंगरांच्या अंगावर दिसणाऱ्या पायऱ्या हे तेच थर होत. पुढे, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग झाला आणि मधल्या जागेत सागरी बेसाल्टचा तळ तयार होत गेला. ज्या तप्त भागाने दख्खनचा लाव्हा दिला, त्यावर आज रियुनियन बेट आहे आणि तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात.

सागरतळाचा बेसाल्ट पाण्याखाली राहिला, कोकणातील मात्र ऊनपावसात उघडा पडला. लक्षावधी वर्षांच्या पावसाने त्यातील विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले आणि तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. सड्यावर जांभा, त्याखाली चिकण मातीचा पट्टा आणि तळाशी काळा कातळ, अशी रचना जिल्ह्यात अनेक ठिकाणी आढळते.

वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्यांना टँकरची वाट का पाहावी लागते, याचे एक मोठे कारण या रचनेत आहे. जांभा पाणी चटकन शोषतो, पण धरून ठेवीत नाही. ते पाणी मातीच्या पट्ट्यापाशी अडते आणि उताराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने वाहून जाते. खालच्या अखंड कातळात पाणी फारसे शिरत नाही. जेथे भेगा व सांधे असतील तेथेच ते साठते. म्हणून केवळ खोल खणल्याने पाणी लागेल, असा भरवसा धरता येत नाही.

यावरून पंचायतींनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पायथ्याच्या झऱ्याचे पाणी सड्यावर मुरते आणि तो सडा कित्येकदा शेजारच्या गावाच्या हद्दीत असतो. तेथे चिरेखाणीस संमती देण्यापूर्वी, झाडोरा तोडण्यापूर्वी किंवा माथा सपाट करण्यापूर्वी खालच्या वाडीचा विचार झाला पाहिजे. विंधन विहिरीची जागा ठरविण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचा सल्ला घ्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावातील एखादी जुनी विहीर दाखवून तिच्या बाजूंतील जांभा, माती व कातळ हे थर ओळखावयास शिकवावे. झरा कोणत्या महिन्यात आटतो, याची नोंद दरवर्षी शाळेत ठेवावी. अशी काही वर्षांची नोंद हाती असली, तर पाणीपुरवठ्याची योजना आखताना ग्रामसभेला तिचा निश्चित आधार मिळेल.