शाळेला एक गिटार



आपल्या बॅचच्या चार गिटारी इथे मांडल्यात. लाजू नका, हातात घ्या. (ॲम्प्लिफायर मुद्दाम घरी ठेवलाय.) पोलादी तारांची खणखणीत वाजते, पण नवख्याची बोटं सोलते. त्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, तारा वर उचलल्या जातात, दाबायला जड होतात. पोरं ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. दोष बोटांचा नसतोच.

म्हणून ही नायलॉन तारांची, तारा खाली बसवून घेतलेली गिटार आम्ही शाळेला देतोय. हिच्यावर पोलादी तारा तेवढ्या चढवू नका, ताणाने ब्रिज उखडेल. आणि सर, कुलपात ठेवू नका. सहावीतल्या पोरांनी तार तोडली तरी चालेल. दोन जादा संच खोळीच्या खिशात आहेत.