आघाड्याचा पाला आणि लेकराचा घाम

सोयाबीनची सोंगणी झाली, शेतात सुड्या लागल्या. ताडपत्री उचलली की खाली विंचू, हे चिखली-मेहकरकडच्या बायकांना मी काय सांगायचं!

आधी माशांचं बघू. मधमाशीची नांगी कातडीतच राहते आणि तिच्यातून विष उतरत राहतं, म्हणून ती नखानं लगेच खरवडून काढा. जागा साबणानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. गांधीलमाशीची नांगी सहसा मागे राहत नाही. कोरफडीच्या गरानं आग जरा निवते. माझी आजी कांद्याची चकती चोळायची, मीही चोळते. रुईचा चीक मात्र नको. कातडी भाजते, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, दम लागला, तर घरगुती काही करत बसू नका, दवाखाना गाठा.

विंचवाचं वेगळं आहे. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला विंचू चावला. जाऊबाईंनी आघाड्याचा पाला वाटून लावला. थोड्या वेळानं पोरगं रडायचं थांबलं. सगळे म्हणाले, "उतरला." मी अंगाला हात लावला, तर सदरा घामानं चिंब, हातपाय गार! मग ओकारीही झाली. तसंच मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. वाचलं लेकरू. ठणका कमी म्हणजे धोका कमी, असं नसतं बायांनो. पाला कातडीवरच राहतो, लाल विंचवाचं विष थेट हृदयाला त्रास देतं.

यावर रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी लागू पडते, हे दाखवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी. जन्म आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातला, काम कोकणात महाडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळीसोबत विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये मांडलं. गोळी घरी ठेवून द्यायची नाही हं, रक्तदाब एकदम उतरतो.

पाला लावायचा तर लावा, पण गाडी येईपर्यंत. लहान लेकराला विंचू चावला तर घामाची वाटही पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि निघताना किती वाजता चावला तेवढं लक्षात ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.