सीयूईटी : पेपर कोणते द्यायचे आणि गुण कोणते धरले जाणार

(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात शैक्षणिक समितीच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरतीला अजून पाऊण तास आहे. तेवढ्यात आटोपायचे आहे, म्हणून प्रस्तावना आखडती घेतो.

इंदूरमधली आपली मुले बारावीनंतर दिल्लीला जायचे म्हणत, तेव्हा पूर्वी एकच गोष्ट बघितली जाई, ती म्हणजे टक्के. 2011 मध्ये दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने कॉमर्स न शिकलेल्या मुलांसाठी बी.कॉम. ऑनर्सची पहिली कट-ऑफ 100 टक्के लावली होती, हे ज्येष्ठांना आठवत असेल. एका बोर्डाचे गुण सढळ, दुसऱ्याचे कंजूष. त्यात आपल्या मध्य प्रदेश बोर्डाच्या मुलांची परवड होई. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होऊ लागले. दिल्ली, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठाचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम, सगळीकडे हेच गुण लागतात. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या कित्येक विभागांतही हेच गुण चालतात, म्हणजे गाव न सोडणाऱ्यांनाही यातून सुटका नाही.

ही परीक्षा विषयवार आहे. प्रत्येक विषयाचा पेपर वेगळा, 50 प्रश्न, 60 मिनिटे. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकल्यास 1 वजा, म्हणजे एका विषयाचे 250. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तरी चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो आणि तीन चुकतात, म्हणजे पाचातून तीन गेले, दोन उरले. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर फायदा आणखी वाढतो. त्यामुळे ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, सोडून दे’ हा आपल्या घराघरांतला सल्ला इथे तोट्याचा आहे. मुलांनो, हे आईबाबांना समजावून सांगा.

आता मुख्य मुद्दा. पेपर किती विषयांचे देता येतात? 2023 मध्ये 10 पर्यंत देता येत होते, 2024 मध्ये 6, आणि 2025 मध्ये 5. भाषा आणि सामान्य क्षमता चाचणी धरून पाच. 2025 पासून आणखी एक मोकळीक मिळाली: बारावीला नसलेल्या विषयाचाही पेपर देता येतो. ही मोकळीक ऐकून पुष्कळ पालक खूष झाले. आम्हाला मात्र तिची धास्तीच वाटते.

कारण परीक्षा घेणारी संस्था वेगळी, प्रवेश देणारे विद्यापीठ वेगळे. एनटीए पेपर देऊ देते. ते गुण धरायचे की नाहीत, हे विद्यापीठ ठरवते. आपल्याच ओळखीतल्या एका मुलीला दिल्लीत इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचे होते. अकरावीत तिने गणित सोडले, अकाउंट्स, बिझनेस स्टडीज, इकॉनॉमिक्स ठेवले. क्लासवाल्यांनी सांगितले, काही हरकत नाही, सीयूईटीत गणित घे. तिने सहा महिने घासून अभ्यास केला, गुणही बरे आले. पण दिल्ली विद्यापीठात या अभ्यासक्रमासाठी भाषा, गणित आणि आणखी दोन विषय अशी जुळणी लागते, आणि गणित बारावीला उत्तीर्ण असावे लागते. तिचा तो पेपर कागदावरच राहिला. पोरगी हुशार आहे, दुसरीकडे चांगली लागली. तरी ते सहा महिने तिच्या वडिलांच्या अजून मनाला लागून आहेत.

म्हणून आम्ही सांगतो, उलटे चाला. आधी अभ्यासक्रम, मग त्याची पात्रता, मग पेपर. बी.कॉम. ऑनर्सला दिल्लीत भाषा, गणित किंवा अकाउंटन्सी, आणि दोन विषय, म्हणजे 1000 पैकी बेरीज. फिजिक्स ऑनर्सची बेरीज फिजिक्स, केमिस्ट्री, गणित यांचीच. भाषेत किमान 30 टक्के पुरतात. म्हणजे एका मुलाला भाषेचा एकेक गुण मोलाचा आणि दुसऱ्याला भाषा म्हणजे नुसता उंबरठा. दोघांनी एकाच क्लासच्या एकाच वेळापत्रकाने अभ्यास करण्यात काय अर्थ? नियम दरवर्षी हलतात, तेव्हा त्या वर्षीचे विद्यापीठाचे बुलेटिन स्वतः वाचायचे. मागच्या वर्षी पास झालेल्या ताईचा निरोप पुरत नाही.

भाषेवरून आठवले. दर वर्षी कोणीतरी आजोबा विचारतात, ‘मुलाने मराठीचा पेपर का देऊ नये?’ प्रश्न रास्त आहे. सीयूईटीच्या 13 भाषांत मराठी आहे. चार-पाच पिढ्या आपण इथे मराठी टिकवली, आणि तिचे गुण कुठे मोजले जाणार असतील तर मन हुरळणारच. पण त्या पेपरात उतारे असतात, साहित्यिकही असतात, शब्दसंपत्ती असते. आपल्या घरची मराठी गोड आहे, पण ‘मला समजून नाही आलं’ हे वाक्य आपल्याकडे कोणाला खटकत नाही, आणि मुलांनी शाळेत हिंदी किंवा संस्कृत घेतलेले असते. स्वयंपाकघरातल्या मराठीवर 50 प्रश्न एका तासात सुटत नाहीत. ज्या मुलाला मराठी पुस्तक सलग वाचायची सवय आहे, त्याने जरूर द्यावा, आम्हाला आनंदच होईल. इतरांनी इंग्रजी द्यावी. शिवाय शाळेत न घेतलेली भाषा विद्यापीठ धरते का, हे आधी बघावे. आजोबांना समाधान हवे असेल तर नातवाला मंडळाच्या वाचनालयाचे सभासद करावे. नववीत केले तर बारावीपर्यंत मराठीचा पेपर देण्याइतका तो तयार होईल. बारावीच्या डिसेंबरात करून उपयोग नाही.

निकाल लागला की गुण आपोआप कॉलेजात पोचतात, अशी एक समजूत आहे. पोचत नाहीत. दिल्लीसाठी विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, तिथे अभ्यासक्रम आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. क्रम मनापासून हवा त्याच क्रमाने लावा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून खाली टाकू नका. भरपूर पर्याय भरा. आणि मिळालेली जागा मुदतीत स्वीकारायची, मग वरचे कॉलेज मिळण्यासाठी थांबायचे. मुदत हुकली की पुढच्या फेऱ्यांतूनही नाव जाते. त्या चार दिवसांत कुटुंबाने लग्नाला नागपूरला जाऊ नये, किंवा गेलेच तर लॅपटॉप न्यावा.

गुण सारखे आले तर दिल्लीत बारावीचे टक्के बघतात. म्हणजे ‘आता बोर्डाला कोण विचारतो’ हेही खरे नाही.

2025 चा फॉर्म मार्चच्या आसपास निघाला होता. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारपासून समितीचे आम्ही तिघे-चौघे सकाळी दहा ते बारा वाचनालयात बसू. येताना मुलाच्या अकरावी-बारावीच्या विषयांची यादी आणि मनातल्या तीन अभ्यासक्रमांची नावे कागदावर लिहून आणा. ती नावे मुलानेच लिहावीत. नववी-दहावीच्या पालकांनीही यावे. अकरावीत गणित ठेवायचे की सोडायचे, हे ठरण्याआधी बोलणे झाले तर बरे. आणि कोणाकडे यंदाच्या सीयूईटीची पुस्तके पडून असतील तर रद्दीत घालण्याआधी वाचनालयात आणून द्या, मराठीच्या पेपराची असतील तर आधी ती.