वय तसे औषध

(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आम्ही औषधांच्या दुकानात काम करणारी मंडळी. आमच्या काउंटरवर रोज माणसे येतात आणि म्हणतात, "तापाची गोळी द्या." ताप कोणाला आहे, वय किती, वजन किती, हे सांगत नाहीत. विचारले तर उत्तर येते, "द्या हो, घरातल्याच माणसाला पाहिजे!" पण घरातली माणसे सारखी असतात का? पाळण्यातले बाळ, पोटुशी सून आणि सत्तरीची आजी यांना एकाच पाकिटातली गोळी चालत नाही. का चालत नाही, एवढेच आज सांगायचे आहे.

औषध पोटात गेले की ते रक्तात मिसळते आणि अंगभर फिरते. मग यकृत, म्हणजे लिव्हर, त्याचे रूप बदलते आणि किडन्या ते लघवीवाटे बाहेर टाकतात. यातले एक काम जरी ढिले पडले तरी औषध अंगात साचते, आणि साचलेले औषध विषासारखे वागते. वयाप्रमाणे फरक पडतो तो याच कामांत.

प्रथम लहान मुलांचे पाहू. मूल लहान म्हणून अर्धी गोळी, इतका सोपा हा हिशेब नाही. नवजात बाळाचे यकृत आणि किडन्या अजून पुऱ्या कामाला लागलेल्या नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचे एके काळचे गाजलेले औषध. अमेरिकेत ते नवजात बाळांना दिले गेले, तेव्हा काही बाळे राखाडी पडली आणि दगावली. बाळांचे यकृत ते औषध निकामी करू शकत नव्हते, हे १९५९ च्या सुमारास कळले. तेच मूल दोन-चार वर्षांचे झाले की उलटे घडते. फिटची काही औषधे ते मोठ्या माणसापेक्षा झपाट्याने संपवते. म्हणून डॉक्टर मुलाचे वजन करतात आणि मूल वाढेल तशी मात्रा बदलतात.

आता प्रत्येक घरातले पॅरासिटामॉल घ्या. मुलाला एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम लागते. दहा किलोच्या बाळाला १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. पण बाजारात एका सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असते, दुसऱ्याच्या ५ मिलीत २५०, आणि ड्रॉप्सच्या फक्त १ मिलीत १००. पहिल्या बाटलीतले ५ मिली त्या बाळाला बरोबर होतात, दुसरीतले जास्त होतात. आणि ड्रॉप्सचे ५ मिली दिले तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी बाळाच्या पोटात गेली! आयांनो, बाटलीचा रंग पाहू नका, आकडा वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्या आणि दिवसरात्र मिळून चारच्या वर डोस देऊ नका. जादा पॅरासिटामॉल यकृत जाळते आणि पहिला दिवस तर मूल खेळतेसुद्धा, त्यामुळे कळतच नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काही न देता थेट डॉक्टर गाठा.

सोळा वर्षांखालच्या मुलाला तापात ॲस्पिरिन देऊ नका. फ्लू किंवा कांजण्यांत त्याने मेंदू आणि यकृताला इजा होऊ शकते. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन कोणालाच नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. खोकल्याच्या सिरपचेही ध्यानात ठेवा. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात २०२५ साली भेसळयुक्त सिरपने लहान मुले गेली. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारने सूचना काढली. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत, असे त्यात सांगितले आहे.

आता गरोदर भगिनींचे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी आली. गरोदरपणातल्या मळमळीवरही बायका ती घेत. १९६१ मध्ये ती बंद होईपर्यंत हात-पाय अपुरे असलेली हजारो बाळे जन्मली होती. तेव्हापासून सगळ्या जगाने धडा घेतला. म्हणून दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना आणि दुकानदाराला आधी सांगा, लाजू नका. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. मात्र फिट, दमा, टीबी यांची चालू औषधे घाबरून आपल्या मनाने बंद करू नका. त्याने आई आणि बाळ दोघांनाही धोका होतो.

शेवटी आपली वडीलधारी माणसे. वयाबरोबर किडन्यांची ताकद कमी होते, अंगातले पाणी घटते, चरबीचे प्रमाण वाढते. डायझेपामसारखी झोपेची गोळी चरबीत मुरून दिवसेंदिवस अंगात राहते. आजी रात्री उठते, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. लोक म्हणतात, "वय झालं." पण कित्येकदा ते गोळीने झालेले असते. सर्दीची साधी गोळीसुद्धा आजोबांची लघवी अडवू शकते, त्यांना भ्रमिष्ट करू शकते. गुडघेदुखीच्या गोळ्या बीपीच्या काही औषधांबरोबर रोज घेतल्या तर किडनीवर बेतते. साखरेची गोळी घेतली आणि जेवण चुकले, तर साखर एकदम उतरते.

शेजारच्या घरातली उरलेली गोळी माणूस का घेतो, हे आम्ही जाणतो. दवाखान्यात गेले की दिवसाची रोजी बुडते. आम्ही कोणाला दोष देत नाही. पण चुकीच्या गोळीने पडलेला खाट रोजीपेक्षा महाग पडतो.

तेव्हा चार गोष्टी घरी पाळू या. एक, औषध मागताना वय, मुलाचे वजन आणि चालू औषधे सांगायची. दोन, पातळ औषध घरातल्या चमच्याने न देता बाटलीबरोबरच्या मापानेच द्यायचे. तीन, पाकिटावर लाल पट्टी असेल तर चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. चार, म्हाताऱ्या माणसांची सगळी औषधे एका पिशवीत घालून दर खेपेस डॉक्टरांपुढे ठेवायची. गुडघ्याच्या डॉक्टरला बीपीच्या डॉक्टरने काय दिले ते कळले पाहिजे.

आम्हाला विचारायला संकोच करू नका. काउंटरवर गर्दी असली तरी "हे माझ्या बाळाला चालेल का?" एवढे विचाराच. उत्तर देणे आमचे कामच आहे.