कागदावरचे किलोमीटर

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे दिलेले भाषण)



माझा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी घरी आला. जुनी विजेची मोटार कर्जाने घेऊन पुणे-कोल्हापूर प्रवासी नेण्याचा त्याचा विचार होता. तो म्हणाला, "सर, कागदावर ३१२ किलोमीटर लिहिले आहेत. कोल्हापूर २३० च्या आसपास. वाटेत थांबायची गरजच नाही." त्याची वजाबाकी बरोबर होती, पण उदाहरणाची मांडणी चुकली होती. ती आपणही समजून घ्यावी.

गाडी होती २०२० साली आलेली टाटा नेक्सॉन. तिच्या बॅटरीत नवेपणी ३०.२ युनिट वीज मावते. तिला ३१२ ने भागले, तर एका किलोमीटरला सुमारे ९७ वॅट-तास पडतात. हा आकडा खोटा नव्हे. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाने गाडी चालवून काढतात. तेथे वेग ताशी ९० च्या वर जात नाही, घाट लागत नाही, मागे चार माणसे आणि त्यांच्या बॅगा नसतात. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगी. प्रवास आखण्यास नव्हे.

रस्त्यावर काय घडते? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलो, की तो दीडपटीहून थोडा अधिक होतो. दीड टनाची गाडी ५०० मीटर उंच चढविण्यास सुमारे दोन युनिट लागतात. उतरताना त्यांतील काहीच परत मिळतात. शहरात मात्र वेग कमी आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत येते, म्हणून ही गाडी हमरस्त्यापेक्षा शहरात अधिक चालते. पेट्रोलच्या गाडीचा अनुभव येथे उलटा होतो.

आम्ही हमरस्त्यावर किलोमीटरला १५० वॅट-तास धरले. उत्तर आले २०० किलोमीटर. बॅटरी जुनी, म्हणून दहा टक्के वजा केले, १८० उरले. शेवटचे १५ टक्के अडीअडचणीसाठी राखले. हाती आले जेमतेम १५०.

अंदाजावरही विसंबू नये. बॅटरी पूर्ण भरावी, किलोमीटरचा काटा शून्यावर आणावा आणि आपल्याच रस्त्यावर, आपल्याच माणसांसह चालवावे. ४० टक्के वीज ८४ किलोमीटरला संपली, तर टक्क्याला २.१ किलोमीटर झाले. जितके टक्के वापरायचे, तितक्याने गुणावे. हाच प्रयोग भर उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र चालू ठेवून पुन्हा करावा.

वाटेत चार्जिंगसाठी थांबण्याचा वेळ धरला, तेव्हा दिवसाच्या फेऱ्या घटल्या आणि कर्जाचा हप्ता बसेना. त्याने कोल्हापूरचा बेत सोडला. आता शहरातल्या शहरात भाडी करण्याचा हिशेब तो मांडतो आहे.

पालकांनो, आपल्या मुलांना भागाकार येतोच. पुढचा आकडा कोणी, कोठे आणि कशा परिस्थितीत मोजला, हे विचारण्याची सवय त्यांना लावा. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती उपयोगी पडेल.