भोवळ आणि अहवालाची प्रतीक्षा



पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा मंडळींपैकी अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. सकाळी अंथरुणावरून उठताना घर गरगर फिरते आणि मनात शंकांचे काहूर माजते. मेंदूत गाठ तर नसेल? अर्धांगाची ही सुरुवात तर नव्हे?

चक्कर हे केवळ लक्षण आहे; कारणे अनेक असतात. उभे राहताच रक्तदाब उतरतो, रक्त कमी असते, साखर घटते. कूस बदलताना वा मान वर करताना क्षणभर येणारी भोवळ बहुधा अंतर्कर्णातली असते. तेथील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरतात आणि तोल बिघडतो. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार तज्ज्ञ रुग्णाचे डोके ठराविक क्रमाने वळवून ते कण स्वस्थानी नेतात. मात्र जीभ अडखळली, एक बाजू लुळी पडली, एकाचे दोन दिसू लागले वा चालता येईना, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तपासण्या आटोपल्या की खरी कसोटी लागते. काळजीने श्वास जलद होतो, त्यानेही डोके हलके होते आणि ती चक्कर पाहून काळजी दुणावते. अशा वेळी तपासणी कशासाठी आहे आणि अहवाल केव्हा मिळेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. भोवळ केव्हा, किती वेळ आली, याची वहीत नोंद ठेवावी. सावकाश उठावे, वाहन चालवू नये, आणि नित्यक्रम होईल तितका चालू ठेवावा.

गावी असतो तर अशा प्रसंगी शेजारीपाजारी न बोलावता आले असते. बदलीच्या निमित्ताने येथे स्थिरावलेलो आम्ही मात्र ‘मुलांना उगाच घोर नको’ म्हणून पुण्या-मुंबईस फोनही करीत नाही. पन्नास वर्षे ज्या मंडळात आपण गणेशोत्सव आणि नाटके एकत्र केली, त्याच मंडळातील एकाने अशा घरी जाऊन बसावे. सल्ला देऊ नये, दुसऱ्यांच्या आजारांच्या कथा सांगू नयेत. चहा घ्यावा, गप्पा माराव्यात. अहवालात काय यावे, हे आपल्या हाती नाही. तो आणायला आपल्यापैकी कोणासही एकट्याने जावे लागू नये, एवढी व्यवस्था या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण अवश्य करू या.